विमानाच्या केबिनमधून होणारा रेडिओ अडथळा: आधी कोणता रिसीव्हर बिघडतो?

डेसिबल
"फोन चालू राहिला तर विमान भरकटतं" आणि "हे सगळं थोतांड आहे" ही दोन वाक्यं विमानप्रवासाच्या प्रत्येक धाग्यावर येतात. दोन्हींत आकडा एकही नसतो. म्हणून हा धागा फक्त आकड्यांसाठी.

प्रश्न असा: प्रवाशांच्या हातातल्या उपकरणांमुळे विमानातला कोणता रिसीव्हर आधी बिघडू शकतो, आणि कोणत्या वाटेने?

सुरुवात म्हणून पट्टे मांडतो. मार्कर (धावपट्टी किती दूर ते कळवणारा) ७५ मेगाहर्ट्झ. लोकलायझर (उतरताना धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा) १०८.१० ते १११.९५. व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्राची दिशा दाखवणारा) १०८ ते ११७.९५. बोलण्याचा व्हीएचएफ ११८ ते १३७. ग्लाइड स्लोप (उतरण्याचा कोन दाखवणारा) ३२९.१५ ते ३३५. डीएमई (केंद्रापासूनचं अंतर मोजणारा) ९६० ते १२१५, त्यातच १०३० आणि १०९० वर ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारा) व टीकॅस (विमानांची टक्कर टाळणारी यंत्रणा). जीपीएस १५७५.४२. रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारा) ४२०० ते ४४००.

फोन मुद्दाम पाठवतो ते ८००, ९००, १८००, २३००, २६०० अशा पट्ट्यांत आणि ५जी असेल तर ३३०० च्या पुढे. वरच्या यादीत यातला एकही पट्टा नाही. माझं मत असं की फोनचा मुद्दाम केलेला प्रक्षेप दुय्यम आहे. खरा त्रास उपकरणाच्या पोटातून गळणाऱ्या लहरींचा: क्लॉक, स्विचिंग पॉवर सप्लाय, डिस्प्लेची केबल. पटत नसेल तर खोडून काढा.

सातारी_तार
गळतीचं सगळ्यात जुनं उदाहरण एफएम रेडिओचं. जुना सुपरहेट रिसीव्हर (स्टेशनच्या लहरीत स्वतःची लहर मिसळून काम करणारा) ऐकायच्या स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर स्वतःचा ऑसिलेटर (लहर तयार करणारं सर्किट) चालवतो. म्हणजे ८८ ते १०८ ऐकताना ऑसिलेटर ९८.७ ते ११८.७ मध्ये फिरतो. ९७.४ च्या वरचं कुठलंही स्टेशन लावलं की ऑसिलेटर थेट नॅव्हिगेशनच्या पट्ट्यात. अमेरिकेत १९६१ साली विमानात एफएम रेडिओ वापरायला बंदी आली ती याच कारणाने, मोबाइल जन्मायच्या कितीतरी आधी.

मुंबईचं ९८.३ घ्या. अधिक १०.७ म्हणजे १०९.०. आता गंमत बघा: १०८ ते ११२ मध्ये लोकलायझरला विषम दशांश मिळतात (१०८.१, १०८.३...) आणि व्हीओआरला सम. आपली बहुतेक स्टेशनं विषम दशांशावर आहेत, त्यात ०.७ मिळवलं की सम दशांश येतो. त्यामुळे आपल्याकडचा जुना ट्रान्झिस्टर लोकलायझरपेक्षा व्हीओआरच्या चॅनेलवर जास्त पडतो. आजच्या फोनमधली एफएम चिप लो-आयएफ पद्धतीची असते. तिचा ऑसिलेटर स्टेशनच्या अगदी शेजारी राहतो, १०८ ओलांडत नाही.

रेडिओराणी
डेसिबल यांच्या मुद्द्याशी सहमत, पण "गळती" म्हणून थांबू नका, मोजा. लोकलायझरचं गणित देते.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या (एफसीसी) भाग १५ नियमानुसार घरगुती उपकरणाला ८८ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये ३ मीटरवर १५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर इतकी गळती माफ आहे. प्रक्षेपित शक्तीत हे उणे ५१.७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत, मोजलेली शक्ती).

आता रिसीव्हरची बाजू. लोकलायझरच्या व्याप्तीच्या कडेला, २५ सागरी मैलांवर, किमान ४० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर सिग्नल मिळायला हवा असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ११० मेगाहर्ट्झला आदर्श समदिश अँटेनात हे सुमारे उणे ८६ डीबीएम होतं. हव्या आणि नको त्या सिग्नलमध्ये २० डीबी अंतर हवं. म्हणजे अडथळा उणे १०६ च्या खाली राहिला पाहिजे.

केबिनपासून अँटेनाच्या टोकापर्यंत ५० डीबी पाथ लॉस (वाटेत घटणारी ताकद) धरला तर उणे ५१.७ वजा ५० म्हणजे उणे १०१.७. चार-सव्वाचार डीबी कमी पडले. विमान १० मैलांच्या आत ग्लाइड पाथवर आलं की सिग्नल किमान ९० मायक्रोव्होल्ट होतो, म्हणजे ७ डीबी वाढतो, आणि आपण पावणेतीन डीबीने वाचतो.

म्हणजे नियमात चोख बसणारं उपकरणसुद्धा कडेच्या सिग्नलला त्रास देऊ शकतं. भाग १५ ची मर्यादा शेजारच्या घरातला टीव्ही-रेडिओ वाचवण्यासाठी लिहिली गेली. विमानाचा रिसीव्हर तिच्या हिशोबात नव्हताच. विमानाला वाचवतो तो पाथ लॉस.

काठावरचा
ताई, ते ५० डीबी कुठून आणले? सगळं उत्तर त्या एका आकड्यावर उभं आहे.

रेडिओराणी
@काठावरचा, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. तो आकडा प्रत्येक विमानाचा, प्रत्येक अँटेनाचा आणि प्रत्येक सीटचा वेगळा असतो, म्हणून तो मोजावा लागतो. पद्धत अशी:

रिसीव्हरच्या रॅकमागची कोॲक्स (अँटेनाची केबल) सोडवून स्पेक्ट्रम ॲनालायझरला (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकद ते दाखवणाऱ्या यंत्राला) जोडायची, म्हणजे विमानाच्या केबलमधला क्षयही मोजमापात येतो. केबिनमध्ये ट्रॅकिंग जनरेटरला (चाचणीची लहर देणाऱ्या यंत्राला) जोडलेला डायपोल किंवा बायकोनिकल अँटेना एकेका खिडकीशी आणि दाराशी न्यायचा. दोन्ही ध्रुवीकरणं, उभं आणि आडवं, घ्यायची. प्रत्येक जागी पूर्ण पट्टा स्वीप करायचा आणि "मॅक्स होल्ड" ठेवून सगळ्यात वाईट आकडा, म्हणजे सगळ्यात कमी पाथ लॉस, नोंदवायचा. सरासरी काढून उपयोग नाही, कारण त्रास देणारा फोन सरासरी सीटवर बसत नाही.

इथे नेहमी चुकतं ते दोन ठिकाणी. ट्रॅकिंग जनरेटरची केबल दारातून बाहेर काढली तर तीच गळती बाहेर नेते आणि पाथ लॉस खोटाच कमी दिसतो, म्हणून तिच्यावर दर अर्ध्या मीटरला फेराइट (केबलवरची अशी गळती दाबणारी चुंबकीय कडी) लावायचे. आणि दारं बंद करून मोजायचं. उघड्या दाराचा आकडा निरुपयोगी.

नासाच्या लँगले केंद्राने युनायटेड एअरलाइन्सच्या निवृत्त ७३७ आणि ७४७ विमानांवर कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिल इथे नेमकं हेच केलं. दारं-खिडक्यांच्या फटींवर वाहक पट्टी चिकटवून पुन्हा मोजलं, म्हणजे कुठून किती गळतं ते वेगळं करता आलं.

घाटमाथा
फटीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रवाशांची नजर खिडकीकडे जाते, पण लोकलायझरसाठी खिडकी फारशी गुन्हेगार नाही. खिडकी साधारण २५ बाय ३५ सेंटिमीटर, आणि ११० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.७ मीटर. इतक्या छोट्या भोकातून ती लहर कष्टानेच बाहेर पडते. दाराची फट मात्र दीड-पावणेदोन मीटर उंच, अर्ध्या तरंगलांबीच्या (१.३६ मीटर) आसपास. दाराच्या कडेने धातूचा संपर्क नीट नसेल तर ती फट स्लॉट अँटेना बनते.

जीपीएसला उलटं. १५७५ ला तरंगलांबी १९ सेंटिमीटर, खिडकी तिच्यापेक्षा मोठी. तिथे खिडकीच मुख्य वाट.

अँटेना कुठे आहे तेही बघा. ७३७ आणि ए३२० मध्ये ग्लाइड स्लोपची अँटेना नाकाच्या रेडोममध्ये (लहरी आरपार जाऊ देणाऱ्या टोपीत), व्हीओआरची शेपटीच्या उभ्या पंखात. जीपीएसची छतावर पुढच्या भागात. व्हीएचएफ एक वर, एक पोटाखाली. रेडिओ अल्टिमीटर पोटाखाली. त्यामुळे "सगळ्यात धोक्याची सीट" अशी एकच नसते, प्रत्येक रिसीव्हरची वेगळी असते.

चिकित्सक_पुणेकर
गणित छान आहे, पण पुरावा कुठे आहे? २०१३ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत दारापासून दारापर्यंत उपकरणं चालू आहेत, त्याच वर्षाच्या शेवटी युरोपात, २०१४ ला आपल्या डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) फ्लाइट मोडमधली उपकरणं उड्डाणभर वापरायला परवानगी दिली. आकाश कोसळलं नाही. आणि फ्लाइट मोड न लावणारे त्याही आधी होते: कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २००३ मध्ये ३७ उड्डाणांत स्पेक्ट्रम ॲनालायझर नेला, तेव्हा दर उड्डाणात सरासरी एक ते चार चालू कॉल सापडले. बंदी असताना!

डेसिबल
@चिकित्सक_पुणेकर, तुमची आकडेवारी खरी आहे, निष्कर्ष अर्धा आहे. २०१३ ला नियम सैल झाला तो "अडथळा होत नाही" असं ठरल्यामुळे नव्हे. विमान सोसतं की नाही हे आधी दाखवा, मग परवानगी द्या, अशी ती अट आहे. त्यासाठीचं मानक डीओ-३०७ हे २००७ पासून आहे: पाथ लॉस मोजा, अँटेनाकडून येणारी "पुढच्या दाराची" वाट तपासा, आणि वायरिंगमधून घुसणारी "मागच्या दाराची" वाटही तपासा. अमेरिकेच्या विमान नियामकाने, म्हणजे एफएएने, २०१३ लाच सांगितलं होतं की साधारण एक टक्का उड्डाणांत, कमी दृश्यमानतेच्या लँडिंगला, पायलट उपकरणं बंद करायला सांगू शकतो. 

आयएटीए या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नोंदींत २००३ ते २००९ दरम्यान ७५ संशयित घटना होत्या. त्यांना पुरावा म्हणणार नाही. "उपकरण बंद केलं, सुई जागेवर आली" याला पुरावा म्हणायचं तर ते पुन्हा चालू करून सुई पुन्हा हललेली दिसायला हवी, आणि प्रवासी घेऊन उतरताना असा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये.

छोट्या विमानाचं एक प्रकरण मात्र गंभीरपणे वाचावं. ६ जून २००३, न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चजवळ पायपर चीफ्टन विमान उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं, आठ माणसं गेली. अपघाताच्या वेळी पायलटचा स्वतःचा मोबाइल चालू होता आणि त्याने नॅव्हिगेशनच्या दर्शकावर परिणाम केला असण्याची शक्यता तपास आयोगाने नोंदवली. "शक्यता" हाच शब्द तिथे आहे, त्याच्या पुढे जाऊ नये.

कोल्हापूर_हॅम
शेवटी छोट्या विमानावर आलात ते बरं झालं. मोठ्या विमानाला ॲल्युमिनियमची नळी वाचवते. सेस्ना १७२ मध्ये काय आहे? चारी बाजूंनी ॲक्रिलिकच्या खिडक्या, आणि व्हीएचएफ अँटेना डोक्यावर हातभर अंतरावर.

रेडिओराणींचंच गणित पुढे नेतो. ११० मेगाहर्ट्झला ३ मीटर मोकळ्या हवेतला पाथ लॉस फक्त २३ डीबी. कवचाचा फायदा शून्य धरला तर उणे ५१.७ वजा २३ म्हणजे सुमारे उणे ७५ डीबीएम. कडेचा लोकलायझर उणे ८६. अडथळा सिग्नलपेक्षा ११ डीबी वर! आणि हे नियमात बसणाऱ्या उपकरणाचं. बाजारात मिळणारा स्वस्त चार्जर नियम पाळतच नाही.

बारामती, शिरपूर, गोंदियासारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांनी हे आधी वाचावं: कॉकपिटमधला सगळ्यात त्रासदायक नग म्हणजे लायटरच्या भोकातला यूएसबी चार्जर, त्यानंतर कॅमेरा, त्यानंतर बदली बसवलेला एलईडी दिवा. फोन बराच खाली येतो.

काठावरचा
चार्जर काही शे किलोहर्ट्झवर चालतो. तो १२० मेगाहर्ट्झपर्यंत कसा पोहोचतो?

कोल्हापूर_हॅम
दोन कारणांनी. स्विचची कड काही नॅनोसेकंदांत वर-खाली होते, त्यामुळे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) शेकडोंनी पुढे जातात. त्यावर मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) आणि डायोडच्या अंगभूत कपॅसिटन्स-इंडक्टन्समुळे प्रत्येक कडेला ठणका बसतो, तो नेमका ५० ते २०० मेगाहर्ट्झमध्ये वाजतो. म्हणून स्पेक्ट्रमवर एक सुळका न दिसता रुंद टेकडी दिसते.

तिसरी गोष्ट केबल. १२१.५ ला पाव तरंगलांबी ६२ सेंटिमीटर. दुकानातली केबल बहुधा ६० सेंटिमीटर ते एक मीटर. म्हणजे चार्जरला आयतीच अँटेना मिळाली.

हँगर_क्रमांक_३
शोधायची पद्धत मी लिहितो, कारण लोक सरळ फेराइट विकत आणतात आणि आगीवर पाणी कुठे मारायचं तेच माहीत नसतं.

१. इंजिन बंद, बॅटरी मास्टर चालू, फक्त एक रेडिओ चालू. बाकी सगळे ब्रेकर आणि स्विच बंद.
२. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) उघडा. ११८.०, १२२.०, १२७.०, १३२.० आणि १३६.९७५ या जागी खरखरीची पातळी कानात बसवून घ्या. एकाच फ्रिक्वेन्सीवर तपासून थांबू नका, टेकडी कुठेही असते.
३. एकेक उपकरण चालू करा. चार्जर नुसता भोकात ठेवून, मग केबल लावून, मग फोन लावून. लोड आल्यावर आवाज बदलतो.
४. आवाज वाढला तर अँटेनाची कोॲक्स काढून जागी ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजीचा रेझिस्टर) लावा. खरखर गेली तर ती अँटेनातून येत होती. राहिली तर पॉवर किंवा ऑडिओच्या वायरिंगमधून येते. या एका पायरीशिवाय पुढचं सगळं अंधारात तीर. डमी लोड न लावता चुकूनही ट्रान्समिट दाबू नका.
५. शेवटी इंजिन चालू करून पुन्हा. अल्टरनेटरची शिट्टी आरपीएमबरोबर चढते-उतरते, चार्जरची चढत नाही. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखू येतात.

अँटेनातून येत असेल तर: केबल २०-३० सेंटिमीटरची करा, चार्जर अँटेनापासून लांबच्या भोकात न्या, फेराइट चार्जरच्या टोकाला लावा, फोनच्या टोकाला नाही. फेराइटचं मिश्रण बघून घ्या: ३१ हे १ ते ३०० मेगाहर्ट्झला, ४३ हे २५ ते ३०० ला, ६१ हे २०० च्या पुढे. व्हीएचएफला ३१ किंवा ४३. दोन वेढे बरे. पाच-सहा वेढे घातले की वेढ्यांमधला कपॅसिटन्स वाढून १२० ला फायदा उलट घटतो.

वायरिंगमधून येत असेल तर केबलवरचा फेराइट निरुपयोगी. तिथे पॉवर लाइनवर फिल्टर आणि ग्राउंडचे जोड घासून साफ करणं.

सातारी_तार
आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपवर स्पेक्ट्रम दाखवणारा यूएसबी रिसीव्हर) असेल तर कानापेक्षा डोळ्यांनी बघा. एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ दिसतं, ११८ ते १३७ साठी आठ तुकडे. फक्त डोंगलला लॅपटॉपच्या चार्जरवर चालवू नका, नाहीतर लॅपटॉपचीच टेकडी मोजत बसाल. लॅपटॉप बॅटरीवर, आणि यूएसबी ३ ऐवजी २ च्या भोकात.

मंगळवार_पेठ
म्हणजे प्रवाशांना सूचना देण्याआधी पायलटने आपल्या खिशातला चार्जर काढायचा! 😀

कोल्हापूर_हॅम
@मंगळवार_पेठ, छोट्या विमानात तीच पहिली पायरी.

हँगर_क्रमांक_३
जीपीएसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सेस्नात जीपीएस मध्येच जात असेल तर प्रवाशाच्या फोनआधी स्वतःच्या व्हीएचएफकडे बघा. १३१.३ गुणिले १२ म्हणजे १५७५.६. १२१.१७५ गुणिले १३ म्हणजे १५७५.२७५. दोन्ही जीपीएसच्या डोक्यावर.

बसवणीनंतरच्या तपासणीत याची ठरलेली यादी आहे: १२१.१५०, १२१.१७५, १२१.२०० आणि १३१.२५०, १३१.२७५, १३१.३०० (८.३३ किलोहर्ट्झचा रेडिओ असेल तर मधल्याही), प्रत्येकीवर किमान ३५ सेकंद ट्रान्समिट दाबून ठेवायचं आणि उपग्रहांची पातळी बघायची. पाच सेकंद दाबून "ठीक आहे" म्हणणारे फसतात, रिसीव्हर तेवढा वेळ धरून ठेवतो. टॉवरला आधी सांगा.

पातळी पडली तर ईएलटीची (अपघातानंतर संकटाचा सिग्नल पाठवणाऱ्या यंत्राची) अँटेना सोडवून पुन्हा दाबा. व्हीएचएफची शक्ती ईएलटीच्या अँटेनातून तिच्या आउटपुट ट्रान्झिस्टरपर्यंत जाते, तिथे हार्मोनिक तयार होतो आणि तीच अँटेना तो बाहेर फेकते. अँटेना सोडवल्यावर त्रास गेला तर दोषी सापडला, मग ईएलटीच्या कोॲक्सवर नॉच फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सी अडवणारा). न गेला तर व्हीएचएफच्या कोॲक्सवर. चाचणी संपली की ईएलटीची अँटेना परत जोडल्याची नोंद लॉगमध्ये करा. ही जोडणी विसरणं त्या हार्मोनिकपेक्षा फार मोठा धोका आहे.

रेडिओराणी
फारच उपयुक्त. प्रवाशांच्या बाजूचा आकडाही देते. जीपीएसच्या रिसीव्हरला पट्ट्याच्या आतला अरुंद अडथळा उणे १२०.५ डीबीएमपर्यंत सोसता आला पाहिजे. उपग्रह नव्याने पकडताना सोसण्याची ताकद सुमारे ६ डीबी आणखी कमी. ९६० च्या वर भाग १५ ची मर्यादा ५०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे उणे ४१.२ डीबीएम. फरक ७९ डीबी. इतका पाथ लॉस प्रवासी विमानातही भरवशाने मिळेल असं धरता येत नाही, सेस्नात तर प्रश्नच नाही.

कागदावर जीपीएस सगळ्यात कमजोर. प्रत्यक्षात फोनमध्ये स्वतःचाच जीपीएस रिसीव्हर दोन-चार सेंटिमीटरवर बसलेला असतो, म्हणून फोन बनवणाऱ्यांना १५७५ चा पट्टा स्वच्छ ठेवावाच लागतो. हा फायदा नियमाने दिलेला नाही, गरजेने दिला आहे. नासाने २००४ मध्ये एका मोबाइलची तपासणी प्रसिद्ध केली होती. त्याची जीपीएस पट्ट्यातली गळती विमानात बसवायच्या उपकरणांच्या मर्यादेतही बसत होती आणि तरी रिसीव्हर सोसू शकेल त्याच्या वर जाऊ शकत होती.

टोरांटोची_माई
हेडफोनमध्ये येणारी ती "टर्र-टर्र-टर्र" मग कोणत्या हिशोबात? पायलट लोक तीच तक्रार सर्वांत जास्त करतात.

घाटमाथा
ती २जी ची. फोन दर ४.६१५ मिलिसेकंदांनी एक ठोका पाठवतो, म्हणजे २१७ हर्ट्झ, आणि ९०० च्या पट्ट्यात ठोक्याची शक्ती २ वॅटपर्यंत. हेडसेटची वायर ती शक्ती पकडते, ॲम्प्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर डायोडसारखा वागतो आणि ठोक्यांची लय ऐकू येते. रेडिओ रिसीव्हरचा पट्टा यात कुठेच नाही. डेसिबल म्हणाले ती "मागच्या दाराची" वाट हीच.

लोकलायझरचे सूर ९० आणि १५० हर्ट्झ, २१७ त्यांच्या फिल्टरच्या बाहेर. त्यामुळे टर्र ऐकू आली म्हणजे सुई हलली असं नाही. पण टॉवरची सूचना तिच्याखाली दबली तर तोही सुरक्षेचाच प्रश्न. ४जी मध्ये शक्ती कमाल ०.२ वॅट आणि असे ठळक ठोके नाहीत, म्हणून हल्ली ती कमी ऐकू येते. जिथे नेटवर्क २जी वर पडतं तिथे येतेच.

चिकित्सक_पुणेकर
मग १८० सीटचे १८० फोन? गळती १८० पट होईल ना? १० लॉग १८० म्हणजे साडेबावीस डीबी. तुमची सगळी गणितं उडाली.

रेडिओराणी
तसं होत नाही. साडेबावीस डीबी केव्हा? सगळे फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच ताकदीने आणि अँटेनापासून एकाच पाथ लॉसवर असतील तेव्हा. क्लॉकचे सुळके मॉडेलप्रमाणे वेगळ्या जागी असतात. रुंद खरखर बेरजेत येते, पण दाराशेजारच्या दोन सीट पाथ लॉसमध्ये बाकीच्यांपेक्षा इतक्या पुढे असतात की बेरजेवर त्यांचाच ताबा राहतो. विश्लेषणात यासाठी काही डीबींचा वाढावा धरतात, पूर्ण साडेबावीस नाही.

टोरांटोची_माई
विमानातच मोबाइलचा छोटा टॉवर बसवतात त्यामुळे धोका वाढत नाही का? एमिरेट्सने मार्च २००८ मध्ये सुरू केलं होतं.

घाटमाथा
माई, उलट कमी होतो. फोनला टॉवर दूर वाटला की तो पूर्ण जोर लावतो. विमानातला टॉवर शेजारी आहे हे कळलं की फोनला १८०० च्या पट्ट्यात १ वॅटवरून १ मिलिवॅटवर आणता येतं, हजारपट कमी. सोबत एक यंत्र जमिनीवरच्या टॉवरच्या पट्ट्यांत हलकी खरखर सोडतं, म्हणजे फोन त्यांच्याकडे ओढला जात नाही. यातून मुद्दाम केलेला प्रक्षेप आवरतो. क्लॉक आणि चार्जरची गळती आहे तिथेच.

मंगळवार_पेठ
५जी आणि पुणे विमानतळाचं काय झालं होतं? तेही यातच येतं का?

डेसिबल
थोडं अवांतर, कारण तो अडथळा केबिनमधून नाही, जमिनीवरून. पण रिसीव्हर आपल्याच यादीतला. आपलं ५जी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ, रेडिओ अल्टिमीटर ४२०० पासून. मधे पाचशेहून जास्त मेगाहर्ट्झची जागा आहे, तरी जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर ढिले असल्याने शेजारची ताकद आत शिरू शकते. म्हणून २९ नोव्हेंबर २०२२ ला दूरसंचार विभागाने पुणे, नागपूर, दिल्ली, बंगळुरू आणि गुवाहाटी या पाच विमानतळांवर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्याचे टॉवर लावू नका असं कंपन्यांना सांगितलं. दोष इथे पाठवणाऱ्याचा कमी आणि रिसीव्हरच्या फिल्टरचा जास्त, हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा.

काठावरचा
मग माझा आक्षेप डेसिबल यांच्या मूळ मताला. "मुद्दाम केलेला प्रक्षेप दुय्यम" म्हणालात. पण २०१४ मध्ये एफएएने १३०० हून जास्त बोईंग ७३७ आणि ७७७ विमानांचे कॉकपिट डिस्प्ले बदलायचा आदेश काढला, कारण वायफायच्या पट्ट्यातल्या लहरींनी ते चाचणीत काळे पडले होते. गळती नव्हे, सरळ वायफाय.

डेसिबल
आक्षेप योग्य आहे, पण तो डिस्प्ले होता, रिसीव्हर नव्हता. म्हणून माझं वाक्य घट्ट करून लिहितो: रिसीव्हरला धोका गळतीचा, कारण तो फक्त आपल्या पट्ट्यातलं ऐकतो. बाकी इलेक्ट्रॉनिक्सला धोका मुद्दाम पाठवलेल्या ताकदीचा, कारण त्याला पट्टाच नसतो. दोन वेगळे आजार, दोन वेगळ्या तपासण्या.

रेडिओराणी
मूळ प्रश्नाकडे. माझा क्रम असा.

प्रवासी विमानात: पहिला लोकलायझर-व्हीओआर, कारण सिग्नल कडेला दुबळा, दाराची फट त्याच तरंगलांबीची आणि गळतीची टेकडीही त्याच भागात. दुसरा व्हीएचएफ, पण तिथे माणसाचा कान बसलेला असतो, बिघाड लगेच कळतो. लोकलायझरचं तसं नाही. सुई हलकेच सरकली आणि फ्लॅग (सिग्नल भरवशाचा नाही हे दाखवणारी खूण) आला नाही तर कळायला उशीर लागतो, म्हणून तो पहिला. जीपीएस तिसरा, आणि तोही फोनमुळे कमी, स्वस्त वस्तूंमुळे जास्त. टीकॅस-डीएमई चौथा, तिथे ठोक्यांची भाषा असल्याने सततची हलकी खरखर फक्त पल्ला कमी करते. रेडिओ अल्टिमीटर शेवटी: स्वतःच पाठवतो, स्वतःच ऐकतो, अँटेना पोटाखाली.

सेस्नात: व्हीएचएफ आणि जीपीएस बरोबरीने पहिले, लोकलायझर त्यांच्या मागे.

आणि जमिनीवर तपासताना एक काळजी. आपल्याच विमानतळाच्या लोकलायझरवर उभ्या विमानात तपासू नका. तिथे सिग्नल इतका जोरदार असतो की कितीही घाणेरडा चार्जर त्याखाली लपतो. नॅव्ह टेस्ट सेटवरून (चाचणीचा नॅव्हिगेशन सिग्नल देणाऱ्या यंत्रावरून) मध्यावरचा ९०-१५० सिग्नल उणे ८६ डीबीएमच्या आसपास द्या, फ्लॅग जेमतेम लपलेला राहील इतपत, आणि मग उपकरण चालू करा. सुई आणि फ्लॅग दोन्ही बघा. जीपीएससाठी चालू ट्रॅकिंगवर समाधान मानू नका, रिसीव्हर बंद करून उपकरण चालू असतानाच कोल्ड स्टार्ट (उपग्रह पहिल्यापासून शोधणं) घ्या.

काठावरचा
एक शेवटचं. कायमचा यूएसबी सॉकेट बसवायचा असेल तर खोक्यावर नेमकं काय शोधायचं?

हँगर_क्रमांक_३
डीओ-१६० (विमानात बसवायच्या उपकरणांच्या चाचण्यांचं मानक) चा विभाग २१ (रेडिओ गळतीचा), आणि त्यापुढचं अक्षर. "एम" म्हणजे केबिन-कॉकपिटसारख्या जागेसाठी, जिथे खिडक्या आहेत पण अँटेना थेट समोर नाही. "एच" म्हणजे अँटेनाच्या थेट नजरेतल्या जागेसाठी, मर्यादा आणखी कडक. या विभागात लोकलायझर, ग्लाइड स्लोप, व्हीएचएफ आणि जीपीएसच्या पट्ट्यांत मर्यादा मुद्दाम खाली खेचलेल्या आहेत. भाग १५ मध्ये हे कुठेच नाही. सेस्नात डोक्यावर अँटेना असल्याने मिळालं तर "एच" घ्या. नुसतं "एफसीसी मान्य" लिहिलेला सॉकेट पॅनेलमध्ये बसवू नका. बसवल्यावर वरची पाच पायऱ्यांची चाचणी दोन्ही भोकांत पूर्ण लोड लावून करा, रिकाम्या सॉकेटची चाचणी धरत नाहीत.